आत ओढलेला ब

३ जून
आज ती परत आली! तिच्या मावशीला धरून, जिना जपून चढवत. काकांच्या स्टुडिओत एरवी जाहिरातवाले येतात. या दोघी भाषा नोंदवायला येतात. तिच्या आजोळची भाषा — बोलणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी.
मावशी ‘ब’ म्हणते तेव्हा हवा बाहेर पडतच नाही, आत जाते. ‘ड’चंही तसंच. हेडफोन लावला की वाटतं, पाण्याखाली कुणी अलगद दार लोटलं.
मी करून पाहिला. मावशी म्हणाली, "लेका, तू फुंकतोयस! गिळल्यासारखं कर, पण गिळू नकोस."
ती हसली. तसंच एकदा माइक तपासताना हसली होती, मावशी त्यांच्या भाषेत काहीतरी भराभरा बोलली तेव्हा. तो तुकडा मी वेगळा ठेवलाय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कळायचंय कुणाला!

५ जून
तोच तुकडा. दिवसभर.

९ जून
सगळं ध्वनिमुद्रण साफ केलं. तिने सांगितलं नव्हतं — भेट म्हणून! जिभेची टकटक, घशातली खुटखुट, एकेक वेचून काढली. मूळ फाइली पुसल्या, जागा अडवत होत्या. आता मावशी लोण्यासारखी ऐकू येते.

११ जून
मेलो.
ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. "अरे, खुटखुट नव्हती ती! तोच आमचा ब होता. तू भाषाच पुसलीस!"
मीही भडकलो — "मग आधी सांगायचं ना!" खुर्ची लाथाडली. ती निघून गेली.
मग काकांनी सांगितलं. मावशीच्या घशाचं ऑपरेशन आहे. आवाज राहील याची डॉक्टर खात्री देत नाहीत. आजपासून बोलायलाच बंदी.
"राजे," काका म्हणाले, "कॉलेज अर्ध्यावर टाकलंत. हे तेवढं पूर्ण केलंत!"

१२ जून
एक तुकडा न धुतलेला आहे. त्यात मावशी घडाघडा बोलते — ब, ड, सगळे आत ओढलेले.
पण देऊ कसा? का ठेवलास, विचारेल. काय सांगू — झोपताना कानाशी लावतो म्हणून?

१३ जून
दिला. "यात तू हसतेस, म्हणून ठेवला होता," म्हटलं आणि तिच्या दारातून पळालो. कान अजून तापलेत.

१७ जून
तिचा फोन आला. मावशीचा ब वाचला! मग म्हणाली —
"मावशी त्यात काय विचारतेय, माहितेय? ‘रोज नवी ओढणी घेतेस, ती याच पोरासाठी ना?’"
"मग तू काय म्हणालीस?"
"हसले की. ऐकलंयस ना तू!"