रायटरचा अर्ज

बाई, तुम्ही गेलात त्याला आता नऊ वर्षं होतील. हे पत्र मी ब्रेलमध्ये टोचतेय, म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्हाला ते वाचता आलं नसतं. तुम्ही इतिहास शिकवायचात. कॉलेजात आंधळ्या मुलीसाठी काहीच सोय नव्हती, म्हणून दर गुरुवारी मला गंगापूर रोडच्या घरी बोलवायचात. मी स्वयंपाकघरात पाटावर बसते. तुम्ही पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवता, एका हातानं भाजी परतता आणि मोठ्यानं वाचता. फोडणी तडतडली की थांबता आणि मग तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं ते वाचणं फक्त माझं होतं.

शेवटच्या वर्षी ती आली. चांदवडला शिकत असताना तिची नजर गेली होती, आणि हॉस्टेलवर तिला माझ्याच खोलीत जागा मिळाली. तिला ब्रेल येत नव्हतं, काठी धरता येत नव्हती, म्हणून मीच तिला तुमच्याकडे घेऊन आले. पहिल्याच गुरुवारी तुम्ही तिला मटार सोलायला दिलेत. मला कधी दिले नव्हते. तिच्यासाठी तुम्ही पान पुन्हा वाचायचात आणि मला पाठ झालेलं मी मुकाट्यानं ऐकत बसायची. एकदा ती म्हणाली, "बाई, तुमी वाचता ना, तर मला अक्षरं दिसल्यावानी वाटतं." तुम्ही हसलात. दोन वर्षांत मला असं काही म्हणायला सुचलं नव्हतं.

परीक्षेला लेखनिक हवा असेल, आम्ही त्याला रायटर म्हणायचो, तर ऑफिसात अर्ज द्यावा लागे. त्याची नोटीस काचेच्या बोर्डात लागली. तुम्ही मला व्हरांड्यात गाठलंत. "शनिवारी एकपर्यंत मुदत आहे. तुझा अर्ज आत्ताच लिहून टाकू. तिला तेवढं सांग, मी उद्या इगतपुरीला बहिणीकडे चाललेय." माझा अर्ज तुम्ही तिथंच उभ्या उभ्या लिहिलात आणि ऑफिसात द्यायला माझ्या हातात ठेवलात. संध्याकाळी ती शेजारच्या कॉटवर बसून वेणी घालत होती. मी सांगणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "परवा बाईंनी मला त्यांची शाल दिली, थंडी वाजती म्हनून." मी काही बोलले नाही. गुरुवारी, शुक्रवारी बोलले नाही. शनिवारी माझा अर्ज देऊन आले तेव्हाही नाही.

सोमवारी वर्गात तिला कुणीतरी सांगितलं. ती घाबरून ऑफिसात निघाली, मी तिचा हात धरून बरोबर गेले. क्लार्क म्हणाला, "बोर्डावर लावलं होतं ना? वाचायचं." ती तिथल्या बाकावर बसली. "आता घरचे लगीन लावून देतील गं माझं." तुम्ही परत आल्यावर प्राचार्यांपर्यंत जाऊन आलात, पण तिचं वर्ष गेलं ते गेलंच.

त्या गुरुवारी तुम्ही मला विचारलंत, "तिला सांगितलं नव्हतंस?"

"विसरले."

"तू काही विसरत नाहीस," एवढंच म्हणालात आणि चहा ठेवलात. माझ्या कपात नेहमीसारखी जास्तीची साखर होती. मी कप तसाच खाली ठेवला.

मी पास झाले आणि अंबडच्या एका कारखान्यात टेलिफोनवर लागले. तुम्ही चांदवडला जाऊन तिच्या वडिलांना समजावलंत आणि वर्षभर तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलंत. मी नोकरीचं निमित्त सांगून तुमच्याकडे येणं बंद केलं. पुढच्या एप्रिलमध्ये तिनं पेपर दिले, आणि जूनमध्ये तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात कॉलेजात बोलणाऱ्या कॉम्प्युटरची खोली सुरू झाली. जुन्या विद्यार्थिनी म्हणून आम्हा दोघींना बोलावलं होतं. ती आता शाळेत शिकवते. या वेळी तिला सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी गेले होते. तिनं माझा हात हातात घेतला. "तेव्हा अर्ज राहिला ते बरंच झालं गं. मला बाई अख्खं वर्ष मिळाल्या. रोज सकाळी पेपर वाचून दाखवायच्या, पोळ्या लाटायला त्यांनीच शिकवलं. दुखणं वाढलं तरी वाचायचं सोडलं नाही त्यांनी."

तुम्ही आजारी होतात, हेही मला माहीत नव्हतं.

मी तिला काही सांगितलं नाही. ती रागावेल ही भीती नव्हती. ती बोलत होती आणि मला एवढंच वाटत होतं, की त्या शनिवारी मी माझाच अर्ज फाडून टाकायला हवा होता.