हात खाली राहिलेले दिवस

४ जून
चाकणची कंपनी-बस चुकली. राग काढला बायकोवर. सुनीता ओट्याच्या कडेवर आपटली, भुवई फुटली. तीन टाके. डॉक्टरला म्हणाली, "घसरून पडले." मी शेजारी मान हलवत उभा. लाज वाटली.

५ जून
तिला म्हणालो, रक्तातच आहे, बापही असाच होता, हात आवरणं माझ्याच्यानं होणार नाही. ती कणीक मळत होती.
"कंपनीत साहेब आईवरून शिव्या देतो तेव्हा राहतोच की हात खाली. अकरा वर्षं राहिलाय. म्हणजे जमतंय तुम्हाला."
मग म्हणाली, "आता उचललात तर पोरीला घेऊन लातूरला, माहेरी. परत येणार न्हाई."

६ जून
कंपनीच्या गेटवर बिनअपघाताच्या दिवसांचा बोर्ड आहे. तसाच कॅलेंडरवर पेन्सिलीनं माझा. दिवस १.

१३ जून
दिवस ८. प्लास्टिकचा स्टूल भिंतीवर आपटून फोडला. तिला हात लावला नाही. जमतंय राव.

१९ जून
दिवस १४. तिला ढकललं. दारावर डोकं आपटलं. पण मारलं नाही, ढकललं. दिवस धरला.

२१ जून
पत्रा दाबायच्या प्रेस-मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे हात आत सापडत नाही. माल जास्त निघावा म्हणून आम्ही एकात पाचर ठोकतो, ते दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा. सगळेच. आज शेजारच्या प्रेसवर विलासची दोन बोटं गेली. हातमोज्यातच राहिली. त्याचं मनगट आवळून बसलो, रक्त माझ्या कोपरापर्यंत. तो एकच म्हणत होता, "भावा, रोज तर जमत होतं."
सुटताना बघितलं, बोर्डावरचा आकडा एकनं वाढलेला. कागदावर म्हणे विलास घरी घसरून पडला. वॉचमनची गचांडी धरली. त्याचा काय दोष. सोडली.

२२ जून
कॅलेंडरवरचं सगळं खोडलं. शून्य. सुनीताला म्हणालो, ढकललेलंही धरायला पाहिजे होतं.
"तुम्ही धरलं नव्हतं? मी धरलंय."
१९ पासून बॅग भरून दाराशी आहे. मला दिसलीच नव्हती.

२५ जून
पोरीच्या फीवरून वाजलं. हात वर गेला, पार खांद्यापर्यंत. सुनीतानं डोळे मिटले नाहीत. मी माझे दोन्ही तळवे ओट्यावर दाबून धरले, प्रेसची बटणं दाबतात तसे.
आजचा दिवस धरायचा का, तूच लिही म्हणालो. पेन्सिल तिच्यापुढं ठेवली आहे. बॅग दाराशीच आहे. तिनं अजून काही लिहिलेलं नाही.