चारूचे कान उत्तम आहेत

ती. सुलेखावन्संना बॉबलिंगेनहून शुभदाचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? आम्ही तिघंही ठीक आहोत असं लिहिणार होते, पण हात अडला. तुमच्या चारूला चक्कर येते. परवा वरच्या कपाटातून पोह्यांचा डबा काढायला यांनी मान वर केली आणि डब्यासकट खालीच बसले. (पोहे अजून हीटरमागे सापडतायत.) शिवाय काही विचारलं की "आं?" म्हणतात, पण ते लग्नापासूनचं, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं.

हाउसआर्ट्स्टनी, म्हणजे आमच्या घरच्या डॉक्टरीणबाईंनी, कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे यांच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, कानात टकटक आवाज सोडला आणि सांगितलं, काही करू नका, नुसते पडून राहा. यांना ते कुठलं जमायला! प्रत्येक टकटकीला जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो, हो, करत राहिले. (उत्तर दिलं नाही तर नापास होऊ असं वाटलं म्हणे.) शेवटी तपासणाऱ्या बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "श्रीयुत जोगळेकर, उत्तर तुमचं नको, तुमच्या नसेचं हवंय!" मग गप्प झाले ते थेट घोरायलाच लागले, आणि आलेख सुरेख आला.

डॉक्टर म्हणाले, कान उत्तम. मी मनात म्हटलं, बघा, म्हणजे ऐकायचंच नसतं! पण त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. आवाज कानातून वेळेवर निघतो, पण मेंदूच्या देठातून पुढे सरकायला उशीर लावतो. मानेतून तिकडे जाणारं रक्त कमी पडत असावं. खात्रीसाठी रक्तवाहिन्यांचा स्कॅन हवा. मी विचारलं, नाही केला तर? ते "आल्झो", म्हणजे "तर मग", एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. वन्सं, इथला डॉक्टर "आल्झो"नंतर चष्मा पुसायला लागला की समजावं, बातमी बरी नाही.

घरी आल्यावर ओवीनं जर्मनमध्ये विचारलं, बाबा मरणार का? हे म्हणाले, "आं?" या वेळी त्यांना नीट ऐकू आलं होतं.

तुमची,
शुभदा

ता. क. स्कॅनचा टेर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ, यांनी परस्पर रद्द केला. ऑफिसात काम आहे म्हणतात, घाबरलेत. डॉक्टरांनी मनाई करूनही गाडी चालवतात, तीही ओवीला मागे बसवून. माझं ऐकत नाहीत. तुम्ही थोरल्या, फोन करून चांगलं खडसावा. मी लिहिलंय हे बोलू नका.

आणखी एक ता. क. खडसावून झालं की जरा हसवाही. ते काम पूर्वी मी करायचे.