मडगारला काढलेली पडवी

मुक्काम पेडगाव,
आषाढ वद्य एकादशी, सन ५४

राजमान्य राजेश्री रायभानराव व्याही, मुक्काम बोरी, यांस लिंबाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडं आमचं, शेरडांचं आणि गाडीचं बरं आहे. तिकडं तुमचं, विहीणबाई अंबाबाईंचं, जावईबापूंचं आणि तुमच्या गुलाबी पटक्याचं कसं आहे ते कळवावं. पटक्याचं मुद्दाम विचारतो, कारण त्याची तब्येत आमच्यामुळं बिघडली हे मला बिलकुल मान्य आहे. तुमची सून, म्हणजे आमची भागू, जेवते का नीट? तिला हरभऱ्याची भाजी आवडते, पण सासरी ती तोंडानं मागणार नाही. (हे मी लिहिलं असं तिला सांगू नये.)

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात आम्ही मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली आमची पिकप गाडी घेऊन बोरीला आलो, तेव्हा तुम्ही वेशीत कोरा पटका बांधून उभे होता आणि विहीणबाई ओवाळायला ताट घेऊन आल्या होत्या. पुढं जे उडालं ते उडालं. निरांजन विझलं, कुंकवाचं ताट चिखलाचं झालं, आणि तुम्ही चार माणसांत बोललात की, "ह्या चिखलफेक्या गाडीत माझी सून बसायची न्हाई. पंचमीला न्हाई, दिवाळीला बी न्हाई." व्याही, लग्नानंतरची पोरीची पहिली पंचमी. त्या दिवसापासून भागूच्या आईनं, झुंबरबाईनं, माझ्या ताटात भाकरी वाढायची सोडून आदळायची सुरुवात केली. म्हणून मी त्या चिखलाचा बंदोबस्त करायचा पण केला, आणि तो केला. कसा केला ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुमची खात्री पटेल.

मूळ खोट गाडीत नव्हती, चाकात होती. गाडीची जुनी चाकं अरुंद, आणि आपली काळी जमीन कशी ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात ती माणसाची वहाणसुद्धा ठेवून घेते. म्हणून बोरीला यायच्या आधी चंद्रभाननं (माझा पुतण्या, तीन लेकरांचा बाप, गाडी तोच चालवतो) मोठ्या लॉरीची रुंद चाकं बसवली. गाडी रुतायची थांबली, पण पंगतीला बसलेल्या जाड्या माणसाचे गुडघे जसे पाटाबाहेर येतात, तशी चाकं वरच्या पत्र्याच्या, म्हणजे मडगारच्या, बाहेर वीतभर आली. आता मडगारच्या बाहेर चाक आणि चाकाच्या बाहेर चिखल, मग मधे आमचे व्याही आले तर दोष कुणाचा? उपाय सरळ होता. घर अपुरं पडलं की आपण पडवी काढतो. तशी मडगारला पडवी काढायची.

पण पडवी कशाची? आधी रॉकेलचे डबे कापून पत्र्याची केली. गाडी सुरू झाली की अशी वाजायची, जणू गावात चार हलग्या एकदम शिरल्या. शेजारच्या बन्सीधरची म्हैस त्या आवाजानं दावं तोडून गेली ती दुसऱ्या दिवशी सापडली. पत्रा काढला. मग मला सुचलं की आपली जुनी मोट पडलीय. जे कातडं विहिरीचं पाणी आत धरतं ते चिखलाचं पाणी बाहेर का धरणार नाही? (दोनच इयत्ता शिकून एवढी अक्कल आली, पुढं शिकलो असतो तर काय झालं असतं कोण जाणे.) कातडं झकास बसलं. न वाजलं, न हाललं. मात्र ते मऊ राहावं म्हणून मी त्याला चरबी चोळली, ती जरा चुकली. गावातली झाडून सगळी कुत्री गाडीमागं लागली आणि गाडी उभी राहिली की पडवी खायला बसली. तीन दिवसांत समोरची डावी पडवी संपली.

शेवटी गाडी मुंजाजी लोहाराच्या दारात नेऊन उभी केली. मुंजाजीला तुम्ही ओळखता; पंचक्रोशीतल्या बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव तोच चढवतो आणि त्यानं चढवलेली धाव चाक मोडलं तरी निघत नाही. त्यानं जाड पत्रा तापवून, ठोकून, चाकाच्या गोलाईला अशी पडवी वाकवली की बघत राहावं. आम्ही दोघांनी गाडीखाली दगड रचून एकेक चाक अधांतरी धरलं आणि हातानं फिरवून पाहिलं. गरगर फिरत होतं, कुठं घासणं नाही, अडणं नाही. मुंजाजी म्हणाला, "दाजी, ह्या फटीत करंगळी घालून दावा. शिरली तर उद्यापासून भाता बंद." मी घातली. शिरली नाही. आम्ही दोघांनी पान खाल्लं.

(चंद्रभान त्या दिवशी पेट्रोल आणायला परभणीला गेला होता. तो असता तर पुढचं घडलं नसतं असं तो म्हणतो. असेलही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा ठेवली. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला नुसत्या तोंडी खबरीवर भरवसा बसणार नाही, म्हणून साक्षीला आमच्या शाळेचे हेडमास्तर दिनकरराव यांना शाळेच्या वळणावर, सगळ्यांत मोठ्या डबक्याशेजारी, पांढरंशुभ्र धोतर नेसून उभं केलं. गाडीत पुढं मी आणि चंद्रभान, मागं झुंबरबाई. लोहाराच्या दारापासून शाळेपर्यंत रस्ता ताणलेल्या दोरीसारखा सरळ. गाडी निघाली. दोन्ही बाजूला गाव उभं. डबकं आलं, गाडी त्यातून गेली, आणि व्याही, शपथेवर लिहितो, दिनकररावांच्या धोतरावर मोहरीएवढा ठिपका उडाला नाही. मी खिडकीतून पटका काढून हलवला.

तेवढ्यात वळण आलं. चंद्रभान ओरडला, "काका, चाक वळंना!" मी म्हणालो, "चाक कशाला वळवतूस? गाडी वळव की!" मागून झुंबरबाई ओरडली, "कासरा वढा, कासरा!" आता यात आमचं काय चुकलं सांगा. चाळीस वर्षं बैलगाडी हाकली. बैल वळतात, जू वळतं, मागून गाडी येते. चाक बिचारं आपल्या जागी सरळ फिरतं. मुंजाजीनं आयुष्यात हजार चाकं पाहिली, त्यातलं एकही मान वाकडी करणारं नव्हतं. मोटारीचं पुढचं चाक डावं-उजवं बघतं, हे आम्हा दोघांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मुंजाजीची पडवी अशी पक्की, की चाकाला तसूभर मान वळवायला जागा नाही. चंद्रभाननं ब्रेक दाबला, पण ओल्या मातीनं त्याला जुमानलं नाही. गाडी नाकासमोर चालत शाळेचं कुंपण ओलांडून दिनकररावांच्या भेंडीच्या वाफ्यात जाऊन थांबली. दिनकरराव मागून धावत आले. चिडलेले होते, तरी शिकलेला माणूस, बोलण्याचा तोल सोडत नाही. म्हणाले, "लिंबाजीराव, शाळेत या, पण दारातून या." भेंडीतून धावताना त्यांच्या धोतराला जे लागलं ते त्यांनी स्वतः लावून घेतलं, ते परीक्षेत धरायचं नाही, असं आमचं ठरलं आहे.

मुंजाजीनं पुढच्या दोन्ही पडव्या चार-चार बोटं कापून द्यायचं कबूल केलं आहे, जरी त्याचं म्हणणं असं की पडवी बरोबर आहे, चाकच जास्त आहे. गाडी सध्या शाळेच्या आवारात विसावा घेत उभी आहे. तेव्हा चिखलाचा प्रश्न मिटला, असं समजून भागूची पाठवणी करावी. शंका धरू नये.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

आपला,
लिंबाजी

ता. क. — पत्र झुंबरबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते, "अर्धंच लिव्हलंय. चिखल कुठं गेला ते बी लिव्हा." तर लिहितो. मिलिटरीवाल्यांनी गाडीच्या तळाला, काय बसवायला कोण जाणे, मुठीएवढी भोकं पाडलेली आहेत. पडवीनं बाहेर जाऊ दिला नाही तो सगळा चिखल त्या भोकांतून आत आला. झुंबरबाई मागं बसली होती. उतरली तेव्हा दिनकररावांनी तिला ओळखलं नाही. बाहेरच्या माणसाला मात्र आता काहीच धोका नाही.

दुसरं ता. क. — तेव्हा भागूला आमच्या गाडीत बसवू नये, हे तुमचं बोलणं मला पटलं. पण तिला आणायला दुसरं वाहन माझ्याकडं नाही. सर्जा-राजाची बैलजोडी विकूनच ही पिकप घेतली, हे मी तुमच्यापासून लपवलं होतं. लेक आठ कोसांवर दिली. वाटलं, मोटार असली तर सकाळी निघून न्याहारीच्या वेळेला तिचं तोंड बघता येईल. लिंबाला झोका बांधून तयार आहे. झुंबरबाई जाता-येता त्या रिकाम्या झोक्याला एक झोका देते. तुमचा छकडा पाठवाल का? तुम्ही स्वतः हाकत आलात तर वेशीत मी उभा राहीन, कोरं धोतर नेसून, आणि काय उडवायचं ते उडवून घ्या.

तिसरं ता. क. — येताना छकड्यामागं आणखी एक बैलजोडी आणि ओढायला जाड सोल घेऊन यावं. गाडी विसावा घेत नाही, चाकांच्या आसापर्यंत रुतली आहे, आणि भेंडीला फुलं आली म्हणून दिनकरराव आम्हाला कुदळ लावू देत नाहीत.