दुप्पट निघालेलं मॉस

प्रिय दादा,

तीन आठवड्यांत हे पाचवं पत्र. आधीच्या चार कागदांवर 'प्रिय दादा' लिहिलं आणि चपला घालून बाहेर पडले. टाळत होते, कबूल. तुला राग येईल म्हणून नाही, माझा राग उतरेल म्हणून. लिहायला बसलं की मला तुझी कीव यायला लागते, आणि या वेळी ती यायला नकोय.

माझं बरं चाललंय. खोली इस्त्रीच्या दुकानावर आहे, त्यामुळे फरशी कायम कोमट. दिवसभर शिवणकारखान्यात बटणं निवडते. तिथली मुकादमीण म्हणते, पोरी, तुझी नजर बारीक आहे, पण बूड एका जागी नाही. तूही हेच म्हणायचास, जरा शुद्ध भाषेत. न्हाणीच्या खिडकीत मॉस उगवलंय, हिरवं मखमली शेवाळ. घरमालकीण ते खरवडायला निघाली, तेव्हा मी तिला तुझंच व्याख्यान ऐकवलं. की बाई, याच्या पेशीत आनुवंशिक मजकुराची जी अख्खी गुंडाळी असते, तो जीनोम. मॉसमध्ये तो सहसा आटोपशीरच असतो, जातीजातीत फार फरक नाही. पण त्याची ती चपटी चुलत भावंडं, लिव्हरवर्ट, त्यांच्यात कुणाचा इवलासा आणि कुणाचा त्याच्या कितीतरी पट पसारा, आणि हे असं का, ते अजून कुणाला नीट उलगडलेलं नाही. बाई म्हणाली, आमच्या सासरीही असंच आहे. आणि खरवडून टाकलं.

हे बघ, भरकटले. नववी नापास झालेल्या मला तू प्रयोगशाळेत घेतलंस, हे मी विसरले नाही. डोंगरावरून मॉस आणायचं, कागदी पाकिटात भरायचं, ते ओलं ठेवायचं. मग ते चिमूटभर मॉस आणि खिडकीतल्या सोयाबीनच्या पानाचा तुकडा, दोन्ही एकाच बशीत ब्लेडने बारीक चिरायचे. सोयाबीनचा जीनोम केवढा ते आधीच ठाऊक, म्हणून यंत्र त्याच्याशी ताडून मॉसचा सांगतं. सगळा हिशोब त्या एका कुंडीवर. तू दिलेल्या कामांतलं मला हे सगळ्यात आवडायचं. तुला कधी बोलले नाही, पण चिरताना येणारा तो ओल्या मातीचा वास मला आजही कुठेही ओळखता येईल.

आणि तीच कुंडी मी वाळवली. तू परिषदेला गेला होतास, मला आठ दिवस पाणी घालायचं होतं, आणि मी तिसऱ्याच दिवशी एका ट्रकवाल्या बाईबरोबर समुद्र बघायला निघून गेले. परत आले तर काड्या उरलेल्या. माळीकाकांनी मागच्या वाफ्यातलं एक रोप काढून दिलं. तीन-तीन पानंच आहेत की, कोण बघतंय, म्हणाले. तो घेवडा होता. घेवड्याचा जीनोम सोयाबीनच्या निम्मा असतो हे ना त्यांना माहीत, ना मला. पाच महिने आपण घेवडा चिरला आणि सोयाबीन म्हणून लिहिला. डोंगरावरचं प्रत्येक मॉस दुप्पट निघालं. तू पेढीवर बसल्यासारखा खुर्चीत रेलून सगळ्यांना सांगत होतास, कातळावरच्या ओलीने यांचे जीनोम फुगलेत म्हणून. तुला इतकं खूश मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं. म्हणून गप्प राहिले. ही माझी चूक, पूर्णपणे माझी.

पण मग कुंडीतल्या झाडाला शेंग धरली, लांब, गुळगुळीत. सोयाबीनची शेंग लवेची असते, एवढं मलाही कळतं. त्याच दुपारी मी तुला सगळं सांगितलं. तुझा लेख तेव्हा छापायलाही गेला नव्हता. तू शेंग तोडलीस, खिशात घातलीस आणि म्हणालास, भिंगरे, तू हे कुणाला बोलली नाहीस ना? मग बोलू नकोस, मी बघतो. मला वाटलं, पुन्हा मोजशील. हजार पाकिटं पुन्हा आणून दिली असती रे मी, अनवाणी चढून. तू नवं सोयाबीन पेरलंस आणि जुन्याच आकड्यांनिशी लेख पाठवून दिलास.

दुसऱ्या प्रयोगशाळेने तेच मॉस मोजलं, निम्मं भरलं, चौकशी बसली, आणि तुझ्या तोंडून निघालं काय, तर अर्धशिक्षित बहिणीने कुंडी बदलली, मला अंधारात ठेवलं. पहिला अर्धा भाग खरा आहे म्हणून तो उरलेला अर्धा इतका सहज खपला. त्या दिवशी पाकिटांवरच्या माझ्या अक्षराकडे बोट दाखवून लोक हसले, आणि तू तिथेच होतास.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. चौकशीवाल्यांनी मला लेखी विचारलं होतं, भावाला हे कधी कळलं. त्याच आठवड्यात तुझा टाइप केलेला कागद आला, तुला मी काहीच सांगितलं नव्हतं असं माझ्या नावाने लिहिलेला, खाली माझ्या सहीपुरती जागा सोडलेला. मी त्यावर सही केली नाही. काल माझ्या अक्षरात उत्तर टाकलंय: कुंडी मी बदलली, पाच महिने लपवलं, आणि शेंगेच्या दुपारी तुला सांगितलं. पुरावा काही नाही. नापास पोरीचं कोण ऐकतं, बघू. तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी बसले होते. एवढ्यात दार वाजलं. मी शाळा सोडली त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द न बोललेले बाबा आलेत, जिना चढून, धापा टाकत. मी आजारी पडले होते तेव्हाही ते आले नाहीत. कॉटवर बसलेत, खिशातून तुझ्या त्याच कागदाची दुसरी प्रत काढलीय, आणि मला बाळ म्हणताहेत.

काही झालं तरी तुझीच बहीण,
भिंगरी