मिठाच्या भाराचा साकव

९ मे
खाडीवरचा साकव उचलला. एका हाताने. मधे ट्रॅक्टरचा ॲक्सल (पेणच्या भंगारातला), त्यावर ताडाचे दोन सोट नि फळ्या, आमच्या काठच्या टोकाला मिठाच्या गोण्या. दोरी ओढली की पलीकडचं टोक वर. गोण्यांच्या भाराने ते तिथंच राहतं, दोरी सोडायची, होडी खालून जाते. डिप्लोमा अर्धा टाकला तेव्हा सर म्हणाले होते, तुझ्याच्याने साधा पाट व्हायचा नाय. या म्हणावं बघायला.

१० मे
सुजाता पलीकडून आली, साकवावरून. रोह्याला, धाटावच्या कंपनीत पॅकिंगला असते. बस आमच्या काठाला थांबते. एरवी बांधावरून केवढा वळसा. म्हणाली, "हलतो रे." म्हटलं, तू हलतेस. हसली नाय. बसच्या खिडकीतून हसली. जेवलो का, आठवत नाय.

१७ मे
हवा चिकट. गोण्यांखाली ओल. आई म्हणते बघ जरा. ओरडलो तिच्यावर. ओलं मीठ जडच होणार ना?

२१ मे
भरतीला सुजाताचे वडील, नाना, होडी घेऊन आले. टोक वर नेलं, दोरी सोडली, नि टोक धाडकन खाली. होडीचा काठ फुटला. नाना वाकले म्हणून, नायतर
गोण्या बघितल्या. निम्मं मीठ पाझरून गेलेलं. मिठाची रास आम्ही पेंढ्याने शाकारतो. मिठागरवाल्याचा पोरगा मी, नि गोण्या उघड्यावर.
नाना चिडले नायत. एवढंच, "माझी पोर रोज जाते यावरून."
मी काय बोललो? मग नका धाडू. असं बोललो.

२४ मे
सुजाता बांधावरून गेली. चपला हातात. वर बघितलं नाय.

२८ मे
मीठ काढलं, जाळीत दगड भरले. दिवसभर उचल, सोड. राहतं टोक वर. तरी हात दोरीवरून सुटत नाय.
संध्याकाळी सुजाताचा फोन. उद्या सकाळच्या भरतीला नाना बरोब्बर टोकाखाली होडी थांबवणार, मी दोरी सोडायची. "मी पन बसनार हाय होडीत." म्हटलं, तू नको. म्हणाली, "मंग एकट्या नानांनी बसायचं व्हय?"
फोन तिनेच ठेवला.

२९ मे
दगड पुन्हा बघितले. जाळीच्या गाठी बघितल्या. आई चहा ठेवून गेली.
पाणी बांधाला लागलं. वळणावर होडी. पुढे सुजाता बसलीय, पाठीला कंपनीची बॅग.
वही ठेवतो.