सूर्यास्तानंतरची गोळी

१० जुलै
चातुर्मास सुरू. काल जैन स्थानकात महाराजसाहेबांकडून चौविहाराचा नियम घेतला. सूर्य मावळला की अन्न बंद, पाणीही बंद. एप्रिलमध्ये अटॅक येऊन वाचलो, तर एवढं करायलाच पाहिजे. सगळ्यांनी पाहिलं. बरं वाटलं.

११ जुलै
अडचण. कोलेस्टेरॉलच्या गोळीपुढे डॉक्टरांनी 'रात्री झोपताना' लिहिलंय. रात्री तोंडात काही घालता येत नाही. उजेडात घ्यावी तर रात्रीची गोळी दिवसा उलटी पडली म्हणजे? जळगावला फोन करणार होतो. पण डॉक्टर खेकसतात. तूर्त गोळी बंद. दोन-चार दिवसांत ठरवू.

१९ जुलै
शांतपणे विचार केला. कोलेस्टेरॉल अंडी-मटण खाणाऱ्यांना होतं. आमच्या सात पिढ्यांत कोणी अंडं फोडलं नाही. माझं वाढलं ते टेन्शनने. म्हणून आजपासून भांड्यांचं दुकान पूर्ण तरुणवर सोपवलं. मुलगा आहे, शिकेल. दुपारी सहज डोकावलो. गिऱ्हाइकाला पातेलं उलटं धरून दाखवत होता. संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो.

२ ऑगस्ट
आमच्या सौ. प्रेमकुंवरने माझ्यासाठी घरात तूप बंद केलं. स्वतःच्या फुलक्यालाही लावत नाही. झोपताना विचारते, गोळी घेतली? मी मान हलवतो. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. गोळी रोज पट्टीतून काढतो आणि पितळी डब्यात टाकतो. औषध फेकू नये.

१४ ऑगस्ट
असलम दुकानावर आला. पूर्वी आमच्या भांड्यांना कल्हई करायचा. त्यालाही अटॅक येऊन बायपास झालंय. त्याला गोळीची अडचण सांगितली तर हसला.
"शेठ, रमजानमध्ये मी डॉक्टरला विचारून गोळ्यांचा टाइम बदलून घेतला. तुम्ही विचारलं का?"
म्हटलं, तुमचं वेगळं, आमचं वेगळं.
"हार्ट तर एकाच कंपनीचं आहे ना."
त्याला आमच्या नियमातलं काय कळणार. नंतर छाती जड वाटली. गॅस असेल.

२२ ऑगस्ट
पर्युषण. एकासणं चालू, दिवसातून एकदाच जेवण. उपासाने चरबी जळते, म्हणजे गोळीचं काम आपोआप होतंय. हे आधी कसं सुचलं नाही? रिपोर्ट बघून डॉक्टर तोंडात बोट घालतील.

५ सप्टेंबर
जिन्यात मध्येच बसावं लागलं. प्रेमकुंवरला सांगितलं, पायरी हलतेय का बघतोय. तिने तरुणला गवंडी बोलवायला सांगितलं.

११ सप्टेंबर
जळगाव. कोलेस्टेरॉल अटॅकच्या वेळी होतं तिथेच परत. डॉक्टरांनी प्रेमकुंवरला विचारलं, काय खायला घालता? घरात तुपाचा थेंब नाही म्हणाली आणि रडायला लागली. मग मला बोलावंच लागलं. पितळी डब्याचंही सांगितलं.
डॉक्टर खेकसले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.
"काका, ही गोळी सकाळी घेतली तरी चालते. एक फोन करायचा होता."
एवढंच.
रेल्वेत ती खिडकीबाहेर बघत बसली. पाचोरा आल्यावर पिशवी उचलत म्हणाली, "वाचलात म्हणून नियम घेतला ना? मग आता जायची एवढी घाई कशाला?"
 

१२ सप्टेंबर, दुपार
सकाळी तिने गोळी दिली आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग तोंड उघडायला लावलं. जीभही वर करायला लावली.
जेवताना फुलक्याला तूप लावलं. स्वतःच्या.